पासवर्ड कुणाकडे आहे?

जुलै उजाडला की पुण्यातल्या कॉलेजांमधली आर्ट सर्कलची, म्हणजे सांस्कृतिक मंडळाची, पोरं वर्गात दिसेनाशी होतात. मिळेल तो रिकामा वर्ग धरायचा, बाकं भिंतीला लावायची आणि शिपाईकाका कुलूप घेऊन दारात उभे राहीपर्यंत तालीम करायची, हा त्यांचा दिनक्रम. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेचे लॉट्स, म्हणजे प्रयोगांचा क्रम ठरवणाऱ्या चिठ्ठ्या, निघायचे असतात किंवा नुकतेच निघालेले असतात. या धावपळीत कुणीतरी अगदी साधे प्रश्न विचारतं. गेल्या वर्षी नेपथ्याच्या लेव्हल्स भाड्यानं कुणाकडून आणल्या होत्या? टेम्पोचे किती झाले? सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता कधी पाठवली होती? प्राचार्यांच्या सहीचं पत्र कुणाच्या लॅपटॉपमध्ये आहे? उत्तर ठाऊक असलेला मुलगा एव्हाना बंगळुरूला नोकरीला लागलेला असतो. त्याला फोन जातो, तो मीटिंगमध्ये असतो. मग सगळं पहिल्यापासून शोधायचं. गेल्या वर्षीच्या टीमनंही ते पहिल्यापासूनच शोधलेलं असतं.

विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक मंडळांबद्दल आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं आहे. त्यांतून कोण घडलं, कुणी पुढे नाव काढलं, त्या दिवसांत किती धमाल होती, याची वर्णनं दर दिवाळीला छापून येतात. मंडळ चालतं कसं, त्याची कागदपत्रं, फोटो, संहिता, हिशेब आणि हल्लीच्या काळात त्याचं संकेतस्थळ कोण सांभाळतं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारायला गेलं की मंडळाच्या कुठल्याही बैठकीत हमखास ऐकू येणारा एक प्रश्न समोर येतो : पासवर्ड कुणाकडे आहे?

दरवर्षी रिकामी होणारी संस्था

पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ साली सुरू झाली. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था ती भरवते. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर हे तिचं घर. प्राथमिक फेरीला पन्नासच्या आसपास संघ, त्यांतून निवडलेले नऊ अंतिम फेरीला, आणि प्रत्येक प्रयोगाआधी प्रेक्षागृहात ‘आवाज कुणाचा’ची आरोळी. फिरोदिया करंडकाचा मामला आणखी मोठा. तिथे नाटकाबरोबर नाच, गाणं, चित्र, शिल्प अशा अनेक कला एकाच प्रयोगात गुंफायच्या असतात, त्यामुळे एकेका संघात नावांची भलीमोठी यादी असते.

या वातावरणाचं मोल पुण्याला नवं नाही. ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी याच भरत नाट्य मंदिरात झाला. त्यामागच्या मंडळींतले जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे बी. जे. मेडिकल कॉलेजातून आलेले. सतीश आळेकरांनी ‘झुलता पूल’ ही आपली पहिली एकांकिका १९६९ मध्ये लिहून बसवली, तेव्हा तेही विद्यार्थीच होते. कॉलेजच्या वयात जे सुरू झालं, त्यातून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी ही नाट्यसंस्था उभी राहिली. पुढचं सर्वांना माहीत आहे.

माहीत आहे, कारण ती माणसं पुढे मोठी झाली आणि त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं. त्याच वर्षांत त्याच मंचावर आणखी किती तरी एकांकिका झाल्या. त्या कुणी लिहिल्या, प्रकाशयोजना कुणाची होती, संहिता कुठे आहे, हे त्या त्या कॉलेजात जाऊन विचारा. बहुतेक ठिकाणी एका कपाटात ढाली आणि करंडक सापडतात. त्यांवर वर्ष असतं, कॉलेजचं नाव असतं, एकांकिकेचं नाव असेलच असं नाही.

यात कुणाचा आळस नाही. संस्थेची रचनाच तशी आहे. गावातलं गणेश मंडळ घ्या, नाट्यसंस्था घ्या, वाचनालय घ्या. तिथे दहा-वीस वर्षं एकच माणूस चिटणीस असतो, त्याला सगळं तोंडपाठ असतं. कॉलेजच्या मंडळात पहिलं वर्ष बॅकस्टेजला जातं, दुसऱ्या वर्षी छोटी भूमिका मिळते, तिसऱ्या वर्षी माणूस कळता होतो आणि चौथ्या वर्षी प्लेसमेंट. ज्याला सगळं कळू लागलं तोच बाहेर पडतो. स्पर्धेची आठवण कलोपासकसारख्या संस्थेकडे टिकते, कारण तिथली माणसं पासआउट होत नाहीत. कॉलेजकडे उरतात ते किस्से, आणि ते सांगायला येणारे सीनिअर. सीनिअरचा किस्सा दरवर्षी थोडा वाढतो. प्रकाश-ध्वनीच्या खुणांची क्यू-शीट वाढत नाही, पण ती सापडतही नाही.

स्पिक मॅकेचं उदाहरण इथे बोलकं आहे. शास्त्रीय संगीत विद्यार्थ्यांपर्यंत नेणारी ही चळवळ १९७७ मध्ये दिल्ली आयआयटीतल्या किरण सेठ यांनी सुरू केली. कार्यकर्ते विद्यार्थी, तेही दर काही वर्षांनी बदलणारे. पण संस्थापक होते प्राध्यापक. बॅचेस आल्या आणि गेल्या, ते तिथेच राहिले. प्रत्येक आर्ट सर्कलला असा माणूस लाभत नाही. तो नसेल, तर त्याच्या जागी काहीतरी लागतं. संकेतस्थळ ही ती जागा होऊ शकते. पण आपल्याकडे ते बांधलं जातं वेगळ्याच कारणासाठी.

साइट कशी मरते

एखाद्या वर्षी मंडळात कॉम्प्युटरचा एखादा उत्साही मुलगा असतो. फेस्ट जवळ आलेला असतो, प्रायोजकांकडे जायचं असतं, आणि ‘आपली साइट पाहिजे’ असं ठरतं. दोन रात्री जागून तो साइट उभी करतो. काळी पार्श्वभूमी, मोठा लोगो, वर मेनू : आमच्याविषयी, टीम, गॅलरी, संपर्क. पहिल्या वर्षी सगळे कौतुक करतात. चार वर्षांनी तीच साइट उघडून पाहावी. ‘टीम’मध्ये एकसारखे टी-शर्ट घातलेली मुलं अजून हसत उभी असतात, त्यातल्या कुणाचं लग्न झालेलं असतं, कुणी कॅनडात असतं. ‘गॅलरी’त फोटोंच्या जागी फुटके चौकोन. ‘आगामी कार्यक्रम’ होऊन गेलेले. ‘संपर्क’मध्ये एक मोबाइल नंबर, तो लागत नाही.

या नंबरातच खरी मेख आहे. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्या मुलानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलनं आणि स्वतःच्या मोबाइलवर घेतलेला असतो. वर्षाचे हजार-दीड हजार रुपयेही त्यानंच कार्डवरून भरलेले असतात. पासआउट झाल्यावर पहिल्या वर्षी तो लक्षात ठेवून भरतो, दुसऱ्या वर्षी विसरतो. मंडळाला भरायचे असतात, पण लॉगिन केलं की ओटीपी त्याच्या जुन्या नंबरवर जातो. तो नंबर बंद झाला असेल तर आणखी पंचाईत, कारण बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. मग मंडळाच्या साइटचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतो आणि तो बिचारा हा मेसेज फसवणुकीचा समजून पुसून टाकतो.

मुदत संपली की डोमेन लगेच जात नाही. ‘डॉट कॉम’सारख्या पत्त्यांना विक्रेत्याकडून ४५ दिवसांपर्यंत सवलतीची मुदत मिळू शकते. त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून पत्ता सोडवता येतो. शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग तो खुल्या बाजारात येतो. जुन्या पत्त्यांना गिऱ्हाईक असतं. वर्तमानपत्रांनी, कॉलेजांनी, जुन्या कार्यक्रमपत्रिकांनी तो पत्ता दिलेला असतो, म्हणजे लोक तिथे आपोआप येतात. जुगाराच्या आणि कर्जाच्या जाहिरातवाल्यांना नेमकं हेच हवं असतं. त्यामुळे मंडळाच्या नावाचा दुवा दाबला आणि रमीचा डाव उघडला, असं होऊ शकतं. हे टाळायला पैसे फारसे लागत नाहीत, एका सेटच्या रंगाएवढेही नाहीत. पत्ता कुणाच्या तरी खासगी नावावर नसावा, एवढंच लागतं.

शैक्षणिक संस्थांना ‘एसी डॉट इन’ आणि ‘ईडीयू डॉट इन’ हे पत्ते अर्नेट इंडियामार्फत मिळतात. त्याच पत्त्याखाली मंडळाला एक उपपत्ता देणं कॉलेजला सहज शक्य असतं, आणि मग मुदत संपण्याची भानगड मंडळापुरती तरी मिटते. अडचण दुसरीकडे आहे. कॉलेजची साइट बाहेरच्या एजन्सीकडे असते, दर काही वर्षांनी तिचं रूप पालटतं आणि त्या पालटात जुनी पानं जातात. आर्ट सर्कलची पानं सर्वांत आधी जातात, कारण त्यांच्यासाठी फोन करणारं कुणी नसतं.

ढगात ठेवलेलं सामान

साइट नसली तरी गूगल ड्राइव्ह आहेच, असं मुलं सांगतात. ड्राइव्ह असतोच. त्यात ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरं फायनल’ अशा नावांच्या संहिता असतात, आठ-दहा जीबीचे व्हिडिओ असतात. मात्र त्या फायली मंडळाच्या नसतात. ज्यानं चढवल्या त्याच्या खात्याच्या असतात. ते खातं बंद झालं की फायलीही गेल्या. कॉलेजनं दिलेल्या ईमेलवर बरंच काही ठेवलेलं असतं. पण शिक्षणसंस्थांना गूगलनं दिलेली अमर्याद जागा २०२२ पासून बंद झाली, संस्थेला मिळून एक ठरावीक साठा आला आणि अनेक ठिकाणी पासआउट मुलांची खाती आवरती घेणं भाग पडलं. त्याआधी १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची फुकट जागाही संपली होती. दोन वर्षं न वापरलेली खासगी खातीही गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू शकतं. यात गूगलनं काही लपवलं नाही, सगळं जाहीर करून केलं. ते वाचायला मंडळात कुणी नव्हतं, एवढंच.

त्यामागचा थर आणखी जुना आहे. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, तिथल्या कॉलेजांच्या कम्युनिटीही गेल्या. फ्लॅशमध्ये हलती-नाचती बनवलेली फेस्टची पानं २०२० च्या अखेरीला फ्लॅशबरोबरच आंधळी झाली. त्याही मागे युनिकोड रुळायच्या आधीचा काळ आहे. तेव्हाच्या स्मरणिका, निवेदनं, संहिता वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटांत टाइप केलेल्या. तेव्हाची एखादी सीडी आज मिळाली आणि चाललीही, तरी फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. संहिता तिथेच असते, नुसती वाचता येत नाही.

गंमत अशी की, एक प्रत सरकारदरबारी असू शकते. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि अनेक स्पर्धा ते मागतात. म्हणजे ज्या व्यवस्थेबद्दल रंगकर्मी पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरत आले, तिच्याच फायलीत विद्यार्थ्याची एकांकिका शिल्लक असायची आणि कॉलेजात नसायची.

निकालावर वाद, पुरावा कुठेच नाही

हे सगळं कशासाठी सांभाळायचं, असं कुणी म्हणेल. एकांकिका ही त्या रात्रीची गोष्ट; झाली, संपली. नाटकवाल्यांना हा युक्तिवाद आवडतोही. पण २०२२ मध्ये काय झालं ते आठवून पाहावं.

त्या वर्षी पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. क्रमांकाची बक्षिसं दिली, पण करंडकाच्या तोडीचा प्रयोग नाही असं ठरवलं. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. मग व्हायचं तेच झालं. हल्लीची मुलं रील्स पाहून लिहितात, आमच्या वेळच्या एकांकिका काय होत्या, असं एक पक्ष म्हणाला. परीक्षकांना नवं कळत नाही, असं दुसरा म्हणाला. दोन्हीकडची तळमळ खरी होती. पण ताडून पाहायचं कसं? आधीच्या वीस-तीस वर्षांच्या विजेत्या संहिता एकत्र कुठे वाचायला मिळत नाहीत, प्रयोगांची चित्रणं एका ठिकाणी नाहीत. ‘आमच्या वेळी’ची बाजू आठवणीच्या भरवशावर लढली जाते आणि आजची मुलं तिला उत्तर देऊ शकत नाहीत. नोंद नसेल तर जुन्यांचं कौतुकही फुकट आणि नव्यांवरची टीकाही फुकट.

नुकसान नव्या मुलांचं जास्त. आपल्याच कॉलेजात पंधरा वर्षांपूर्वी हाच विषय कुणी कसा हाताळला होता हे त्यांना कळलं, तर ती तेच पुन्हा लिहिणार नाहीत किंवा मुद्दाम वेगळं लिहितील. परंपरा म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेकदा आरोळ्या, टी-शर्टचा रंग आणि प्रयोगाआधीचा नारळ इथवरच राहतं.

नोंदीची आठवण कॉलेजला मात्र एका वेळी अचूक होते : महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असते तेव्हा. नॅकच्या आजवरच्या पद्धतीत विद्यार्थ्यांच्या पाठबळाचा स्वतंत्र निकष राहिला आहे, आणि त्यात गेल्या पाच वर्षांतली क्रीडा-सांस्कृतिक बक्षिसं व कार्यक्रम पुराव्यांसह मागितले जातात. मग कार्यालयातून निरोप येतो, सर्टिफिकेटांचे फोटो पाठवा, आजच्या आज. पाच वर्षांची सर्टिफिकेटं पाच शहरांत पांगलेली. गोळा होतील तेवढी जातात. या हिशेबात सांघिक बक्षीस एकच धरायचं असतं. पंचवीस जणांनी दोन महिने राबून आणलेला करंडक तक्त्यात एका ओळीत बसतो. तक्त्याचं काम तेवढंच आहे, त्याला दोष नाही. बाकीच्या चोवीस जणांची नावं लिहिणं हे मंडळाचं काम.

कुणाचं नाव, कुणाची परवानगी

नावं लिहायची म्हटलं की हक्कांचा प्रश्न येतो, आणि इथे मंडळं फार भाबडी असतात. संहिता कॉलेजची, असा सर्रास समज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून एकांकिका लिहिणारा विद्यार्थी हाच तिचा मालक. त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो हक्क टिकतो. मंडळाला संहिता साइटवर टाकायची असेल तर त्याची लेखी परवानगी हवी. ती प्रयोगाच्या आधी, मूल समोर असताना घ्यायला एक मिनिट लागतं. दहा वर्षांनी त्याला शोधून घ्यायला काय लागतं, ते वर सांगितलंच आहे.

पार्श्वसंगीताला सिनेमाचा तुकडा वापरलेला असेल तर चित्रण यूट्यूबवर चढवताच आवाज बंद होतो किंवा हक्काचा दावा येतो. कित्येक चांगले प्रयोग म्हणूनच मुक्याने पडून आहेत. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर अकरावी-बारावीची मुलं असतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या सर्वांना बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. मंडळांनी सवय आतापासून लावलेली बरी. मुलांचे मोबाइल नंबर पानावर टाकायचे नाहीत. नाव काढा म्हणून कुणी सांगितलं तर काढायचं. हौशीनं वीस वर्षांचं असताना लिहिलेलं, चाळिसाव्या वर्षी कुणाला नको वाटू शकतं.

केंब्रिजची मुलं काय करतात

विद्यार्थी रंगभूमीची नोंद ठेवणं अशक्य आहे असं वाटत असेल तर केंब्रिज विद्यापीठाकडे पाहावं. तिथला अमॅच्युअर ड्रॅमॅटिक क्लब १८५५ चा, विनोदी प्रयोगांसाठी गाजलेला फुटलाइट्स १८८३ चा. मुलं तिथेही तीन वर्षांत निघून जातात. तरी कॅमड्रॅम नावाचं एक संकेतस्थळ तिथल्या विद्यार्थी नाटकांची तपशीलवार नोंद ठेवतं आणि ते स्वयंसेवक चालवतात. प्रत्येक प्रयोगाचं पान असतं. त्यावर नटांबरोबर रंगमंच व्यवस्थापक, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा सांभाळणाऱ्यांचीही नावं असतात. कुणाच्याही नावावर दाबलं की त्यानं आजवर काय काय केलं ते दिसतं. साइटचा कोड सर्वांना खुला आहे, त्यामुळे बांधणारा गेला तरी पुढचा तो वाचू शकतो.

यातली खरी हुशारी तंत्रात नाही. कॅमड्रॅमवर ऑडिशनच्या जाहिराती लागतात, तंत्रज्ञ हवे असल्याच्या सूचना लागतात. नाटक करायचं असेल तर तिथे जावंच लागतं. म्हणजे नोंद हे काम संपल्यावर करायचं वेगळं काम उरत नाही, काम करता करता ती होऊन जाते. आपल्याकडची साइट फेस्ट संपल्यावर ‘अपडेट’ करायची असते. फेस्ट संपल्यावर परीक्षा असते. परीक्षेनंतर सुट्टी असते. आणि सुट्टीनंतर तो मुलगा नसतो.

हेच तत्त्व आर्ट सर्कलला लावलं तर साइटचा नकाशाच बदलतो. प्रायोजकाला दाखवायच्या मोठ्या लोगोची गरज दुय्यम ठरते. तिचा पहिला वाचक ठरतो पुढच्या जुलैत रिकाम्या वर्गात बसलेला सेकंड इयरचा मुलगा. त्याला काय लागेल? ऑडिशनची तारीख. तालमीचं वेळापत्रक. लेव्हल्स, विंगा, कपडे कुठून आणले आणि किती भाडं पडलं. कुठलं पत्र कुठे, किती दिवस आधी द्यावं. आणि क्यू-शीट, पुढच्यासारखी :

क्यू १३ : फोनची रिंग. दोन वेळा, मग पॉज.
क्यू १४ : ‘कोण बोलतंय?’ या वाक्यावर डावा स्पॉट ३० टक्के, सावकाश.
क्यू १५ : आई उठली की ब्लॅकआउट. नट थांबला तरी थांबायचं नाही.

शेवटच्या वाक्यात एका रात्रीचा घोळ आणि त्यावरचा तोडगा आहे. असं वाक्य कुठल्याही नाट्यशास्त्राच्या पुस्तकात मिळत नाही. पुढच्या लाइटवाल्याला ते मिळालं तर त्याची एक तालीम वाचते.

हे ठेवायला साइट देखणी असायची गरज नाही. उलट साधीच बरी. नुसत्या मजकुराची पानं, युनिकोड मराठी, फोटोखाली नावं आणि वर्ष. नव्वदच्या दशकात साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेलं पान आजच्या ब्राउझरमध्ये उघडतं, फ्लॅशमधलं उघडत नाही. अशी पानं फुकट ठेवायची सोय आहे. वर्षातून एकदा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनला पत्ता दिला की तिथे एक प्रत जमा होते. हार्ड डिस्कवर एक प्रत ग्रंथपालांकडे ठेवावी. कॉलेजात वीस-वीस वर्षं राहणाऱ्या मोजक्या माणसांत ग्रंथपाल येतात आणि मागितलेली वस्तू शोधून देणं हाच त्यांचा धंदा आहे. मंडळाच्या नावाचं एक ईमेल, त्याचा पासवर्ड दोन विद्यार्थी आणि एका प्राध्यापकांकडे, ओटीपी प्राध्यापकांच्या नंबरवर. पासवर्ड बदलायचा दिवस ठरलेला.

तो दिवस कुठला, हे महत्त्वाचं. बहुतेक मंडळं मे महिन्यात चार्ज देतात, म्हणजे देतच नाहीत. परीक्षा, प्रोजेक्ट, निरोपसमारंभ, सगळं त्याच पंधरवड्यात. चार्ज फेब्रुवारीत द्यावा, जुनी टीम कॉलेजात असतानाच, आणि पुढचे दोन-तीन महिने नव्यांनी चुका करत चालवावं. चुकलं तर विचारायला माणूस जिन्यावरच सापडतो. कोविडच्या काळात ही सोय मोडली, तेव्हा तिची किंमत कळली. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. परत उघडली तेव्हा प्रयोग पाहिलेली मुलं बाहेर पडायच्या बेतात होती आणि आत आलेल्यांनी तालीम म्हणजे काय हे पाहिलंच नव्हतं. ज्या मंडळांकडे लिहिलेलं काही होतं, त्यांना निदान पहिला धागा होता. बाकीच्यांनी सीनिअरना फोन लावले.

मग हे काम मुलं का करत नाहीत? कारण त्याला टाळी नाही. लेखनाला बक्षीस आहे, अभिनयाला आहे, दिग्दर्शनाला आहे. साइट सांभाळणाऱ्याला ‘अरे, तो फोटो टाक ना’ एवढंच ऐकायला मिळतं. कॉलेजांनी आणि स्पर्धांनी यावर करण्यासारखी गोष्ट छोटी आहे. प्रयोगाच्या श्रेयनामावलीत नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा या ओळी आल्या त्या कुणीतरी कधीतरी भांडून आणल्या. त्यांच्याखाली ‘नोंद’ ही आणखी एक ओळ घाला आणि तिच्यापुढे एका विद्यार्थ्याचं नाव लिहा. प्रयोगानंतर पंधरा दिवसांत संहिता, नावं, क्यू-शीट आणि हिशेब ग्रंथालयात पोचले नाहीत, तर पुढच्या वर्षीच्या स्पर्धेच्या प्रवेशअर्जावर प्राचार्यांनी सही करू नये. सही अडली की काम होतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही आर्ट सर्कलला वेगळं शिकवावं लागत नाही.